वादळाची भाषा आणि तिचा इतिहास

पश्चिमेकडे ढग दिसला की पाऊस येणार आणि दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा होणार, हे पॅलेस्टाईनमधील साध्या माणसाला ठाऊक होते. लूककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात प्रभू येशू लोकांच्या या जाणतेपणाची दखल घेतो आणि मग त्यांना विचारतो की, आभाळाची लक्षणे ओळखणाऱ्यांना काळाची लक्षणे का ओळखता येऊ नयेत? प्रवचनपीठावरून आम्ही धर्मगुरू बहुधा या प्रश्नाच्या उत्तरार्धावरच बोलतो. या लेखात मात्र पूर्वार्धाकडे वळण्याचा विचार आहे. त्या भूमीप्रमाणे आमच्या वसई, उत्तन, अर्नाळ्याच्या किनाऱ्यालाही समुद्र पश्चिमेला आहे. आमच्या वाडवडिलांनाही पश्चिमेचा ढग वाचता येत असे. आज तो वाचण्याचे काम उपग्रह करतात आणि त्यांचे म्हणणे दूरदर्शन, वृत्तपत्र व मोबाईल यांमधून घरोघरी पोहोचते. कमी दाबाचे क्षेत्र, अतितीव्र चक्रीवादळ, एल निनो, ऑरेंज अलर्ट हे शब्द रोज कानांवर पडतात. परंतु कानांवर पडलेला शब्द मनापर्यंत पोहोचतोच असे नाही. "वेधशाळेने पाऊस सांगितला आहे ना, मग छत्री घरीच ठेवा," ही थट्टा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

या शब्दांचा अर्थ समजून घ्यावयाचा तर त्यांचा इतिहास पाहणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. कारण यांतील बहुतेक शब्द कोणा पंडिताने केवळ खोलीत बसून घडविलेले नाहीत. बुडालेल्या जहाजांचा, वाहून गेलेल्या गावांचा आणि दुष्काळात मेलेल्या माणसांचा हिशेब मांडता मांडता ते जन्मास आले आहेत.

हवा आणि हवामान

प्रथम अगदी घरचे दोन शब्द घेऊ. आपल्या शालेय भूगोलाच्या पुस्तकांत 'हवा' आणि 'हवामान' असा भेद केलेला असतो. एखाद्या ठिकाणची त्या त्या वेळची वातावरणाची स्थिती म्हणजे हवा, आणि दीर्घ काळच्या हवेची सरासरी म्हणजे हवामान. बोलताना मात्र आपण दोन्हींसाठी 'हवामान' हा एकच शब्द वापरतो आणि मग घोटाळा होतो.

धर्मग्रामाचे उदाहरण द्यावयाचे तर, एखाद्या मुसळधार पावसाच्या रविवारी मिस्सेला निम्मे बाक रिकामे राहिले म्हणून त्या धर्मग्रामाची श्रद्धा आटली असे कोणी म्हणणार नाही. तसे म्हणावयाचे असेल तर अनेक वर्षांच्या नोंदवह्या उघडाव्या लागतील. तो एक रविवार म्हणजे हवा. नोंदवह्यांतून दिसते ते हवामान. किती वर्षांच्या नोंदी पाहाव्यात, हेही ठरलेले आहे. १९३५ साली वॉर्सा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ३० वर्षांचा कालखंड मान्य झाला व १९०१ ते १९३० ही पहिली प्रमाण तीस वर्षे ठरली. आज १९९१ ते २०२० या वर्षांची सरासरी त्यासाठी धरतात. एका मार्च महिन्यात गारा पडल्या, एवढ्यावरून 'हवामान बदलले' असे म्हणता येत नाही. उलट, एका डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली म्हणून पृथ्वी तापते आहे हे खोटेही ठरत नाही. तीस वर्षांची सरासरीच सरकू लागली, म्हणजे मात्र ती दखल घेण्याजोगी गोष्ट होते. आणि ती सरकते आहे, हे आज जगभरच्या नोंदी सांगत आहेत.

हवेलाही वजन असते

'दाब' हा हवामानशास्त्राचा पायाभूत शब्द आहे. हवेला वजन असते हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे; परंतु सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांनाही ते पटलेले नव्हते. १६४३ साली इटलीत इव्हान्जेलिस्ता टोरिचेली या शास्त्रज्ञाच्या प्रयोगात, पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली असता नळीतला पारा सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीवर थांबून राहिला. भांड्यातील पाऱ्यावर बाहेरची हवा दाब देत असल्यामुळे नळीतला पारा तोलून धरला जातो, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढल्या वर्षी आपला मित्र मिकेलान्जेलो रिची याला लिहिलेल्या पत्रात त्याने माणूस हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो, असा विचार मांडला. हा रिची गणितज्ञ होता व पुढे १६८१ साली तो कार्डिनल झाला.

आपण खरोखरच तळाशी असू, तर डोंगरावर चढल्यावर डोक्यावरची हवा कमी होऊन पारा खाली यावयास हवा. फ्रान्समधील ब्लेझ पास्कालने हे ताडले आणि त्याच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी पुई द डोम या पर्वतावर नळी घेऊन चढला. पायथ्याच्या क्लेर्माँ गावी एका मठाच्या बागेत दुसरी नळी उभी करून ठेवली होती आणि मठातील एका धर्मबंधूने दिवसभर तिच्यावर नजर ठेवली. शिखरावर पारा सुमारे ८ सेंटीमीटर उतरला. बागेतला मात्र दिवसभर जागचा हलला नाही. त्या धर्मबंधूने पाहिले ते एवढेच की काहीही घडले नाही. परंतु त्याची ती साक्ष नसती तर शिखरावरचा बदल उंचीमुळे झाला की हवेतील फेरबदलामुळे, हे सिद्ध करता आले नसते. पास्कालचे नाव आजही दाबाच्या एककात टिकून आहे. समुद्रसपाटीवर हवेचा सरासरी दाब सुमारे १,०१३ हेक्टोपास्काल असतो. सोप्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १ किलो हवेचा भार असतो.

'कमी दाबाचे क्षेत्र' म्हणजे जेथे हा भार आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा उणा झाला आहे असा भाग. तो उणा भाग भरून काढण्यासाठी चोहोबाजूंची हवा तिकडे धाव घेते. त्या धावण्यालाच आपण वारा म्हणतो. समुद्रावरून येणारी हवा बाष्प घेऊन येते, वर चढते, थंड होते आणि पाऊस देते. म्हणूनच कमी दाबाची बातमी आली की पावसाची बातमी तिच्या मागोमाग येते.

वेटोळे घालणारा वारा

१६१८ च्या मे महिन्यात वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ झाल्याचे व त्यात चर्चची छपरे उडाल्याचे पोर्तुगीज काळातील लेखनात नमूद आहे. त्या वेळच्या माणसांनी वाऱ्याचा जोर पाहिला, पण वाऱ्याची वाट त्यांना कळली नाही. वादळातला वारा सरळ रेषेत वाहत नसून एका केंद्राभोवती फिरतो, हे उमजण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. ते ज्यांनी उमजून घेतले त्यांत कलकत्त्याचा हेन्री पिडिंग्टन हा माजी दर्यावर्दी अग्रभागी होता.

सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा तो अध्यक्ष होता. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या त्याने जमविल्या. कोणत्या वेळी कोणते जहाज कोठे होते आणि तेथे वारा कोणत्या दिशेचा होता, हे तो नकाशावर मांडीत गेला आणि बाणांचे वर्तुळ त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या ग्रंथात त्याने अशा वादळाला 'सायक्लोन' हे नाव सुचविले. ग्रीक भाषेतील या नावामागे सर्पाच्या वेटोळ्याची कल्पना आहे. साऱ्या जगात रूढ झालेला हा शब्द असा आपल्याच देशात, बंगालच्या उपसागराकाठी जन्मला. 'चक्रीवादळ' हा आपला मराठी शब्दही तेच चित्र दाखवितो.

उत्तर गोलार्धात हे चक्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. त्यामुळे वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाबाचे केंद्र साधारणतः आपल्या डाव्या हाताला असते. बाइस बॅलो या डच शास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेला हा नियम दर्यावरच्या माणसाला कोणत्याही यंत्राशिवाय वापरता येतो. चक्राच्या मध्यभागी 'डोळा' असतो. डोळा डोक्यावर आला की वारा एकाएकी पडतो, कधी आभाळही उघडते. वादळ सरले असे समजून माणसे घराबाहेर पडतात आणि थोड्याच वेळात उलट्या दिशेने तेवढाच प्रचंड वारा सुटतो. ही फसवी शांतता सर्वांनी ओळखून ठेवली पाहिजे.

वादळात सर्वाधिक बळी बहुधा पाणीच घेते. वारा समुद्राचे पाणी किनाऱ्यावर लोटतो आणि भरतीच्या वेळेशी ते जुळून आले तर उधाणाची भिंतच गावावर चालून येते. पिडिंग्टनने हे नेमके जाणले होते. कलकत्त्याच्या दक्षिणेस मातला नदीकाठी नवे बंदर बांधण्याची योजना पुढे आली, तेव्हा १८५३ साली त्याने गव्हर्नर जनरलला जाहीर पत्र लिहून, तेथे एके दिवशी वादळाचे पाणी सारे बुडवील असे बजावले. त्याचे कोणी ऐकले नाही. बंदर उभे राहिले, त्याला कॅनिंगचे नाव मिळाले. आणि १८६७ च्या नोव्हेंबरात वादळाने व उधाणाने त्याचा विध्वंस केला. पिडिंग्टन त्यापूर्वीच, १८५८ साली मरण पावला होता.

गच्चीवरचे धर्मगुरू

त्याच १८६७ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यातील सेंट झेवियर्स कॉलेजच्या गच्चीवर एक तरुण बेल्जियन धर्मगुरू हवेच्या दाबाच्या नोंदी घेत होते. ते येशूसंघीय फादर यूजीन लाफाँ. १८३७ साली जन्मलेले फादर लाफाँ १८६५ मध्ये भारतात आले होते. आदल्याच वर्षी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळात सुमारे ६०,००० माणसे मेली असे मानले जाते. ती जखम अजून ओली होती. पारा उतरू लागलेला पाहून फादर लाफाँ यांनी वादळ येत असल्याचे अधिकाऱ्यांना कळविले आणि पुष्कळांचे प्राण वाचले. पुढे १८७६ साली डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी स्थापन केलेल्या विज्ञान संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. सी. व्ही. रामन यांनी आपले जगप्रसिद्ध संशोधन याच संस्थेत केले.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, क्यूबाच्या हवाना शहरी, १८३७ सालीच जन्मलेले आणखी एक येशूसंघीय धर्मगुरू फादर बेनितो विन्येस हे बेलेन कॉलेजच्या वेधशाळेत १८७० पासून काम करीत होते. वादळ गेल्यावर ते स्वतः त्या गावी जात, कोणत्या दिशेला झाडे आडवी झाली ते पाहत, जहाजांच्या कप्तानांना प्रश्न विचारीत. उंच आभाळातल्या पिसांसारख्या ढगांच्या रेषा दूरवरच्या वादळाचा माग देतात, हे त्यांनी अभ्यासाने ठरविले. ११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांचा पहिला इशारा हवानाच्या वृत्तपत्रात आला. दोन दिवसांनी वादळ क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. फिलिपिन्समध्ये १८६५ साली सुरू झालेल्या मनिला वेधशाळेतून फादर फेदेरिको फाउरा यांनी ७ जुलै १८७९ रोजी तेथील पहिला टायफून-इशारा दिला. हरिकेन, टायफून आणि सायक्लोन ही एकाच जातीच्या वादळाची तीन समुद्रांवरची नावे आहेत, हेही येथे सांगून ठेवणे योग्य होईल.

हा इतिहास सांगताना केवळ अभिमान बाळगणे पुरेसे नाही. त्यात एक दुःखद प्रकरणही आहे. १९०० च्या सप्टेंबरात क्यूबावरून पुढे गेलेले वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरून टेक्सासकडे जाईल, असे फादर विन्येस यांचे वारसदार फादर लोरेन्झो गँगोइते व त्यांचे क्यूबन सहकारी सांगत होते. अमेरिकेच्या हवामान कार्यालयाने ते वादळ फ्लोरिडामार्गे अटलांटिककडे वळेल असे धरले. क्यूबातून वादळांविषयी येणाऱ्या तारांवर त्या कार्यालयाने बंदी घातली होती. क्यूबातील लोक उगाच घबराट पसरवितात, असा त्याचा समज होता. ८ सप्टेंबर १९०० रोजी वादळ टेक्सासच्या गॅल्व्हस्टन शहरावर आदळले. निदान ६,००० आणि बहुधा ८,००० माणसे एका रात्रीत गेली. तेथे ज्ञान उणे नव्हते. दुसऱ्याचे ऐकण्याची तयारी उणी होती. एका राष्ट्राचा गर्व शहराच्या मुळावर आला.

अंदाज म्हणजे भविष्य नव्हे

इंग्लंडमध्ये १८५९ च्या ऑक्टोबरात 'रॉयल चार्टर' हे जहाज वादळात फुटून सुमारे ४५० माणसे बुडाली. ॲडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय याने त्यानंतर बंदरांना तारेने इशारे देण्याची व्यवस्था केली आणि १ ऑगस्ट १८६१ रोजी 'टाइम्स' वृत्तपत्रात हवेचा पहिला जाहीर अंदाज छापून आला. ज्योतिषाचे भाकीत आणि शास्त्राचा अंदाज यांत लोकांनी गल्लत करू नये, म्हणून त्याने 'फोरकास्ट' हा वेगळा शब्द जाणीवपूर्वक योजला. तरीही अंदाज चुकला की त्याची टर उडविली जाई. थट्टेची ही परंपरा अशी सर्वदूरची आहे.

आपल्या देशात १८६४ चे वादळ आणि १८६६ व १८७१ सालचे पावसाचे अपयश यांमधून धडा घेऊन १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. १९२८ साली त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातील त्या इमारतीला आणि तिच्यासमोरच्या चौकाला लोक आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात, ते यामुळेच.

या खात्याची काही मापे नीट ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पडला तर तो 'जोरदार', ११५.६ पासून पुढे 'अतिजोरदार' आणि २०४.५ पासून पुढे 'अत्यंत जोरदार' गणला जातो. २६ जुलै २००५ च्या त्या भीषण दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच मुंबईच्या कुलाब्यास ७३ च्या आसपास. एकाच शहरातील हा फरक पाहिला म्हणजे "आमच्याकडे तर पडलाच नाही" असे म्हणून अंदाज खोटा ठरविणे किती घाईचे आहे, हे कळून येते. ताशी ६२ किलोमीटरपर्यंत वारा पोहोचला की कमी दाबाच्या क्षेत्राला 'चक्रीवादळ' म्हणतात. ११८ वर ते 'अतितीव्र' होते. २२२ पासून पुढे 'महाचक्रीवादळ'. बंदरावरचे बावटे १ ते ११ क्रमांकांचे असतात. आमच्या कोळी बांधवांच्या परिचयाचा ३ नंबरचा बावटा सावधगिरीचा असतो, १० नंबरचा महासंकटाचा. रंगांच्या इशाऱ्यांत पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. लाल रंग शाळेच्या सुटीसाठी नसतो, एवढे तरी मुलांना सांगावे.

मोसम आणि बाळ येशूचे नाव

'मान्सून' हा शब्द अरबीतील 'मौसिम' म्हणजे ऋतू यावरून आला. आपला 'मोसम' त्याचाच सख्खा भाऊ. अरब नाविक ऋतूनुसार दिशा बदलणाऱ्या या वाऱ्यांच्या भरवशावर आपल्या किनाऱ्याला येत आणि परत जात. मान्सून म्हणजे मूळचा पाऊस नव्हे, वारा होय. पाऊस ही त्याने आणलेली देणगी.

हा वारा एखाद्या वर्षी का रुसतो, या प्रश्नाने १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर शास्त्रज्ञांना अस्वस्थ केले. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फाशी त्याचा संबंध जोडून १८८६ साली पावसाळ्याचा पहिला दीर्घकालीन अंदाज दिला. १९०४ साली आलेले गिल्बर्ट वॉकर हे गणिती होते. जगभरच्या नोंदींची आकडेमोड करून त्यांनी असे दाखविले की, प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो घटतो आणि तेथे घटला की इकडे वाढतो. जणू एखादी तुळई वरखाली होते आहे. १९२४ साली त्यांनी त्यास 'दक्षिणी आंदोलन' हे नाव दिले.

तिकडे पेरू देशाच्या कोळ्यांना एक वेगळीच गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. नाताळच्या सुमारास त्यांच्या किनाऱ्याला उष्ण पाण्याचा प्रवाह येई. नाताळात येतो म्हणून त्यांनी त्यास 'एल निनो', म्हणजे बाळ येशू, हे नाव ठेवले. काही वर्षी तो प्रवाह फार प्रबळ होई, मासळी नाहीशी होई आणि वाळवंटी मुलखात पूर येत. कोळ्यांचा हा प्रवाह आणि वॉकरची ती तुळई ही एकाच घडामोडीची दोन अंगे आहेत, हे १९६९ साली याकोब ब्यर्कनेस यांनी जुळवून दाखविले.

एल निनोच्या वर्षी आपला पाऊस उणा पडण्याचा संभव वाढतो; २००२, २००९ व २०१५ ही दुष्काळी वर्षे त्याचीच. परंतु १९९७ साली एल निनो अतिशय प्रबळ असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. म्हणून 'एल निनो आला, आता दुष्काळच' असे म्हणणेही चूक होय. बाळ येशूच्या नावाला दुष्काळाचा कलंक लागावा हे काही भाविकांना खटकते. आम्हांस मात्र त्यात गरीब कोळ्यांची निष्पाप श्रद्धाच दिसते. समुद्रात जे काही येई, ते त्यांनी आपल्या परिचयाच्या सर्वांत प्रिय नावाने हाकारले.

शब्द कोणाच्या कामी यावेत?

२००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' वादळाने कोकणातील कित्येक मच्छीमार ओढून नेले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-मुरुडच्या बागा आडव्या झाल्या. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' मुंबईजवळून गेले. बॉम्बे हायच्या परिसरात पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगार मृत्यू पावले. इशारे तेव्हाही दिले गेले होते. पिडिंग्टनच्या पत्रापासून तौक्तेपर्यंतच्या पावणेदोनशे वर्षांत आपण वादळ ओळखण्यात फार पुढे गेलो आहोत. इशारा आणि माणूस यांमधले शेवटचे पाऊल मात्र अजून वाकडे पडते आणि ते पाऊल कोणतेही यंत्र उचलू शकत नाही.

हे पाऊल उचलण्याचे काम आपल्या धर्मग्रामांना करता येण्याजोगे आहे. मिस्सेच्या शेवटी लग्नाच्या व नोव्हेनाच्या सूचना आपण वाचतोच. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या वादळांच्या महिन्यांत हवामान खात्याचा इशाराही त्यांत वाचून दाखवावा. कोणाची होडी दर्यात आहे, कोणाचे घर कौलारू आणि एकाकी आहे, कोण म्हातारे जोडपे एकटे राहते, हे धर्मग्रामाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असते? युवकांनी त्या दिवशी त्या चार घरी जावे, चर्चच्या सभागृहाच्या किल्ल्या जवळ ठेवाव्यात, दर्यातल्या होडीला निरोप पोहोचला की नाही याची खात्री करून घ्यावी. क्लेर्माँच्या मठातील तो धर्मबंधू दिवसभर पाऱ्याच्या नळीपाशी बसून राहिला; तेवढी चिकाटी येथेही पुरेल.